महिनाअखेरची इस्त्री

२००३ सालच्या एका शनिवारी बँकेने लाँड्रीवाल्या मावशींच्या खात्यावर एका दिवसात आठ दंड लावले.

आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी साडेतीनला, त्यांनी खिडकीवर पैसे भरले होते. पण तीननंतरचा भरणा पुढच्या कामाच्या दिवशी धरायचा आणि त्यात शनिवार मोजायचा नाही असा नियम होता, म्हणून तो सोमवारी जमा झाला. मधल्या काळात दूध, औषधं, साबण अशा आठ बारीक खरेद्या कार्डावर झाल्या होत्या. त्याच शनिवारी दुकानाचं भाडंही गेलं. बँकेने मोठी रक्कम आधी वळती केली. खातं रिकामं झालं आणि मागून आलेल्या प्रत्येक बारीक खरेदीवर वेगळा दंड बसला. क्रम उलटा लावला असता, तर एकच बसला असता.

मावशी पासबुक घेऊन मॅनेजरसमोर बसल्या.

“मोठी रक्कम महत्त्वाची असते, बाई. तुमच्याच सोयीसाठी ती आधी जाते,” साहेब म्हणाले.

“माझी कसली सोय? दुधापेक्षा दुधाचा दंड महाग पडला, साहेब.”

“नियम सगळ्यांना सारखा. यंत्राला राग-लोभ नसतो.” आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या आठ दंडांमुळे वाफेच्या प्रेसचा हप्ता थोडक्यात हुकला. बुधवारी दोन माणसं आली आणि प्रेस उचलून घेऊन गेली. फरशीवर तिच्या पायांचे चार गंजके ठसे उरले. हॉटेलच्या चादरींचं काम सुटलं. मावशींचे यजमान त्या ठशांकडे बघत खुर्चीत बसले, ते बसलेच. वर्ष भरायच्या आत गेले.

मावशींनी हातइस्त्रीवर मुलीला वाढवलं. चौदा वर्षांनी दुकानात पुन्हा प्रेस आली, पण ती त्या ठशांवर त्यांनी ठेवू दिली नाही. मुलगी म्हणाली, “अगं, फरशी तरी बदलूया.” मावशी म्हणाल्या, “राहू दे, मला काय टोचतायत?”

त्याच वर्षी साहेब समोरच्या इमारतीत भाड्याने राहायला आले. निवृत्त झाले होते, बायको वारली होती. मुलाच्या बुडालेल्या धंद्याचा हप्ता पेन्शनमधून जात होता. दोन शर्ट घेऊन ते दुकानात आले. मावशींना त्यांनी ओळखलं नाही.

ते गेल्यावर मुलगी उसळली. “आई, याचे कपडे घेतेस तू?”

“कपड्यांनी काय घोडं मारलंय?”

“तू विसरलीस की काय सगळं?”

“वय झालं गं आता. किती लक्षात ठेवायचं माणसानं?”

मावशींनीच साहेबांना सुचवलं, “दोन्ही शर्ट एकदम कशाला टाकता? सोमवारी एक आणा, गुरुवारी एक. घडी ताजी राहील, आणि तेवढंच चार शब्द बोलणं होईल.” एकट्या माणसाला ते बरं वाटलं. सोमवार-गुरुवार चहा होऊ लागला.

साहेब पैसे कार्डानेच देत. दुकानात तेव्हा कार्डाची दोन यंत्रं होती. “नव्यात तुमचं कार्ड अडकतं, जुन्यात घालू,” असं म्हणून मावशी खणातून जुनं यंत्र काढत. कार्ड सरकवलं तरी पैसे यंत्रातच थांबत. बटण दाबलं की मग ते बँकेकडे मागितले जात. नव्या यंत्राचं बटण मुलगी रोज संध्याकाळी आठवणीने दाबायची.

“जुनं परत करून टाक ना. फुकट भाडं भरतेस त्याचं,” ती म्हणायची.

“असू दे. हाताला सवय झालीय.”

काही महिन्यांनी साहेब बँकेचा कागद नाचवत आले. “आठ दंड, बाई! एका दिवसात! मागच्या महिन्यातही आठ!”

“अगंबाई! कशाबद्दल?”

“महिनाअखेरीला भाडं गेलं की खात्यात काही उरत नाही. त्यातच तुमच्या इस्त्रीचे बारके पैसे मागून येतात.”

“म्हणजे माझ्यामुळे? मेलं ते यंत्र पैसे कधी पाठवतं, मला काय कळतंय! तुम्ही आपले रोख देत जा, साहेब.”

“छे! आयुष्यभर लोकांना कार्ड वापरा म्हणून सांगितलं, आता मी रोख देऊ? चूक तुमची नाहीच, क्रम बँक लावते. आज भांडून आलो नव्या मॅनेजरशी. कालचं पोरगं ते, मला म्हणतं, नियम सगळ्यांना सारखा!”

“असं म्हणाला?” मावशींनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. “साखर घालू अजून?”

अठरा महिने असेच गेले. साहेबांचं भाडं थकलं, मग घर सुटलं. सामान हलवलं त्या दिवशी मावशींनी त्यांचे दोन्ही शर्ट फुकट इस्त्री करून दिले. साहेबांचे डोळे भरून आले.

पुढे ते बहिणीकडे एका खोलीत राहिले आणि तिथेच वारले. नवा मॅनेजर बदलून गेला. बँकेनेही क्रम बदलला. आता बारीक रक्कम आधी जाते. मुलीने शेजारचा गाळा घेऊन दुसरी प्रेस बसवली. मावशी गेल्या वर्षी झोपेतच गेल्या. सगळी गल्ली हळहळली, एवढ्या मोठ्या मनाची बाई पुन्हा होणे नाही म्हणाली.

महिन्याभराने मुलगी जुनं यंत्र त्याच्या कंपनीत परत करायला गेली. तिथल्या माणसाने त्यातली नोंद छापून तिच्या हातात दिली. साहेब पहिल्यांदा दुकानात आले त्या दिवसापासून ते घर सोडून गेले त्या दिवसापर्यंत जुन्या यंत्रात एकच कार्ड सरकलं होतं, दर सोमवारी आणि गुरुवारी. पैसे मागायचं बटण मात्र महिन्यातून एकदाच दाबलेलं होतं, साहेबांचं भाडं जायच्या दिवशी, पेन्शन जमा व्हायच्या आदल्या दुपारी, न चुकता तीनच्या आत.