दुभाषी

फ्रेझ्नो शहरात मुलांवर खेळातून उपचार करणाऱ्या ओफेलियाबाईंकडे आई नायेलीला घेऊन आली.

"डॉक्टरांचं इंग्रजी हीच मला समजावून सांगते, बाई. मी पूर्ण बरी झाले म्हणाले. ग्वादालुपे मातेचा नवसही फेडला. पण तेव्हापासून पोरीची वाचाच बसलीय बघा." एवढं बोलून आई बाहेर बाकावर जाऊन बसली.

नायेलीनं तीन बाहुल्या मांडल्या. डॉक्टर, आई आणि मुलगी. मग ती बाहुल्यांच्या तोंडून बोलू लागली.

डॉक्टर इंग्रजीत म्हणाला, "आता औषधांचा उपयोग नाही. आईला सांग."

मुलगी आईकडे वळली आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, "आई, तू ठणठणीत झालीस!"

मग नायेलीनं ती मुलगी उचलून ओफेलियाबाईंच्या हातात ठेवली.

"बाई, तुम्हाला दोन्ही भाषा येतात ना? आता तुम्ही सांगा."