अडलेलं स्तोत्र

न्हाणीघरातलं स्तोत्र मध्येच थांबलं, आणि कुमुदिनीबाईंची पोळी तव्यावरच राहिली.

अंबादासराव आंघोळ करताना स्तोत्र म्हणत. पहिला तांब्या अंगावर पडला की सुरू, टॉवेलला हात घालताना संपलेलं. जानेवारीच्या गारठ्यात ते असे काही सुटत, की ऐकणाऱ्याला वाटावं मागे कुत्रं लागलंय. पानिपतच्या गिरणीतून निवृत्त होऊन तिथेच राहिले, तरी थंड पाणी सोडलं नव्हतं. निदान थंडीपुढे तरी पानिपतात हार मानायची नाही, असं म्हणत. आणि स्तोत्र चालू असताना मध्ये दुसरा शब्द उच्चारायचा नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम. मग दारात पाहुणे येवोत नाहीतर चोर.

बाईंनी कान दिला. पाणी पडत होतं. आवाज नव्हता.

"अहो!"

उत्तर नाही. एरवीही आलं नसतं; पण एरवी स्तोत्र तरी चालू असतं.

गीझर आज पहिल्यांदाच लावला होता. गॅसचा. नोएडात नव्या कंपनीत लागलेल्या पुष्करनं पाठवलेला. "आई, यार, बाबांनी या वयात थंड पाण्यानं आंघोळ करायची? बिल्कुल नाही," असं फोनवर दरडावून. बसवायला आलेल्या माणसानं बजावलं होतं, खिडकी उघडी ठेवा, गॅस कोंडला तर माणूस बसल्या जागी जातो. बाईंनी मान डोलावली होती. आणि काल संध्याकाळी, वारा झोंबतो म्हणून, त्याच खिडकीत जुन्या स्वेटरचा बोळा स्वतःच्या हातानं कोंबला होता.

ते आठवलं आणि पोळी टाकून त्या न्हाणीघराच्या दाराशी गेल्या.

"अहो, ऐकताय ना? नुसतं हं म्हणा!" त्यांनी दार बडवलं. आतून कडी. पाणी पडतच होतं.

बाई तशाच, पिठाच्या हातांनी अंगणात धावल्या. धुकं इतकं, की शेजारचं घर दिसत नव्हतं. "दहियाजी! जल्दी आओ! साहब बाथरूम में हैं, बोल नहीं रहे!"

दहिया कांबळ्यांचा व्यापारी. धिप्पाड माणूस, अंगावरच्या कांबळ्यासकट आला. "के होया, आंटी?" एवढंच विचारलं, "परे हटो" म्हणाला आणि दाराला खांदा दिला. कडी निखळून आत पडली.

आत अंबादासराव उभे होते. कमरेला पंचा, सर्वांगाला साबण, डोळे घट्ट मिटलेले. उजव्या हाताचं एक बोट वर. थांबा, म्हणून.

दहियानं हात लांब करून आधी गीझर, मग नळ बंद केला.

पाणी थांबलं तसे अंबादासरावांनी डोळे उघडले. समोर बायको, शेजारी आणि पायाशी कडी. आता नियम पाळण्यात काही अर्थ उरला नव्हता.

"पुढची ओळ आठवत नाहीये," ते म्हणाले.

"काय?"

"अगं, गरम पाणी! इतकं बरं वाटत होतं की सावकाश म्हणायला लागलो. सावकाश म्हटलं की पुढचं येतच नाही. थंड पाण्यात कसं, आपोआप पळतं."

"आणि बोळा? खिडकीतला बोळा?"

"तो मगाशीच काढला. गुदमरायला होत होतं. कुणी कोंबला होता कुणास ठाऊक."

कुमुदिनीबाई मटकन तिथेच, ओल्या उंबऱ्यावर बसल्या. जीव भांड्यात पडला. आणि पडल्या पडल्या त्यांना असा राग आला की विचारू नका.

"मी मेले असते इथे बाहेर! एक हं म्हणता आलं नाही तुम्हाला?"

"मध्ये बोलत नाहीत," अंबादासराव पुटपुटले, पण त्यात काही जोर नव्हता.

दहियाला यातलं अवाक्षर कळलं नव्हतं. "हुआ क्या था, आंटी?"

"पाठ करते हैं ना रोज… भूल गए थे."

दहियानं साबणातल्या अंबादासरावांकडे एकदा नीट पाहिलं. "चलो, राज़ी-खुशी तो हैं," म्हणाला, आणि कडीसाठी मिस्त्री पाठवतो असं सांगून कांबळं सावरत धुक्यात गेला.

अंबादासराव कुडकुडत होते. मोडलेलं स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं, हाही वडिलांचाच नियम. बाईंनी खिडकी सताड उघडली, गीझर लावून दिला, दार नुसतं लोटलं आणि बाहेर पाट टाकून बसल्या.

"हं, म्हणा आता. आणि अडलात तर काहीही बोला. मला शिव्या दिल्यात तरी चालेल. पण गप्प राहायचं नाही."

"शिव्या? स्तोत्राच्या मध्ये?"

"हो. देव समजून घेईल. मी नाही घेणार."

पाणी सुरू झालं. मग स्तोत्र, सावकाश, मजेत. बाई एकेक शब्द ऐकत होत्या. अर्ध्यावर, अगदी त्याच जागी, आवाज थांबला. बाई पाटावरून अर्ध्या उठल्या.

"मूर्ख बाई!" आतून आलं.

लग्न झाल्यापासून त्यांनी बाईंना साधं वेडीसुद्धा म्हटलं नव्हतं. बिचाऱ्यांचा आवाज संकोचानं चिरकला होता.

"मूर्ख बाई, पुढे काय?"

रोज ऐकून ऐकून पुढची ओळ बाईंना तोंडपाठ होती. त्यांनी पदरानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि हसू दाबत दाराशी तोंड नेलं.

"नीट ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या. "परत म्हणा बघू."