सात रेणू पाणी

"ताई, पाणी कुठे सांडून आलात?"

नवीने मान वर केली. रुग्णालयातल्या औषधं बनवायच्या खोलीत तिचा हा पाचवा दिवस. वय शेहेचाळीस, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीला लागलेली. प्रत्येक गणित अजून कागदावर मांडून करायची. डॉक्टरांनी वीस मिलिमोल मॅग्नेशियम सल्फेट मागितलं होतं. तिने रेणूभाराने, म्हणजे एकशेवीसने, गुणून दोन पॉइंट चार ग्रॅम काढले होते.

विचारणारी, खोलीची प्रमुख, तिच्याहून बारा वर्षांनी लहान होती. खोलीत सगळे तिला 'कॅल्क्युलेटर' म्हणत.

"आपल्या स्फटिकात या क्षाराच्या प्रत्येक कणाला पाण्याचे सात रेणू चिकटलेले असतात. त्यांचं वजन कोण धरणार, शेजारीण? एकशेवीस नाही, दोनशे शेहेचाळीस. शाळेतली पोरंही ही चूक करत नाहीत हो."

तिने कागदावर लाल काट मारली आणि स्वतःच चार पॉइंट नऊ ग्रॅम तोलले. अशा चार-पाच सलाईनच्या पिशव्या ती रोज भरून पाठवत असे. आकडा तोंडपाठ होता. नवी काहीतरी बोलणार होती. तोवर प्रमुखने पिशवी भरायला घेतली.

पिशवी निर्जंतुक होऊन वॉर्डात गेली. दुपारच्या चहानंतर नवी उघडा डबा घेऊन समोर उभी राहिली.

"मॅडम, मी एकशेवीस यावरूनच घेतलं होतं."

डबा नेहमीसारखाच, पट्टाही तोच निळा. फक्त लेबलवर एक शब्द जास्त होता: निर्जल. यात पाणी नव्हतंच. म्हणजे पिशवीत दुप्पट औषध गेलं होतं. आणि जास्त झालेलं मॅग्नेशियम माणसाचा श्वास थांबवतं.

वॉर्डातला फोन कोणी उचलेना. प्रमुख जिना धावत चढली.

पलंगावरची बाई डोळे मिटून पडली होती. प्रमुखने आधी नळी बंद केली, मग तिच्या छातीकडे बघत राहिली. वर. खाली. पुन्हा वर.

"अहो, हे काय? अजून अर्धी बाकी आहे," नर्स म्हणाली.

"अर्धीच गेली?"

"हो, तासाभरात."

दुपटीचं अर्धं. हवं होतं नेमकं तेवढंच.

"तेवढी पुरे. श्वासावर लक्ष ठेवा," प्रमुख म्हणाली. का, ते सांगितलं नाही.

खाली येऊन तिने उरलेली पिशवी बेसिनमध्ये रिकामी केली आणि नळ बराच वेळ वाहू दिला.

"ताई, निभावलं. कुणाला काही झालं नाही." तिचा आवाज खाली आला होता. "आता हे आपल्या दोघींत राहू दे."

नवी डब्याचं झाकण शोधत होती. डबा उघडला की झाकणावर तारीख टाकून सही करायची, ही या खोलीची शिस्त. पहिल्या दिवशी प्रमुखनेच तिला शिकवलेली. झाकण तराजूमागे पालथं पडलं होतं. नवीने ते उचललं, सुलटं केलं आणि प्रमुखसमोर ठेवलं.

सही प्रमुखचीच होती, लफ्फेदार. तारीख सोमवारची.

आज गुरुवार होता.