म्हशीचा वूफर

भारतच्या जीपमधला फाटका वूफर मी नवा पडदा बसवून नीट केला. दुसऱ्या दिवशी त्याची आई जमनीबाई तोच वूफर डोक्यावर घेऊन पांढरकवड्यातल्या माझ्या दुकानात आल्या. "बापू, हा पहिलेसारखा फाडून दे." "काहून मावशी, बेस नाही वाजत?" "बेस तं बेसच हाय. पण म्हैस पान्हा सोडून नाही राह्यली." रेडकू मेल्यापासून म्हैस दूध देत नव्हती. एकदा गोठ्याजवळ जीपमध्ये गाणं लागलं, फाटका वूफर फरफरला आणि तिने बादली भरली. म्हशीला गाण्याची आवड आहे असं समजून भारतने वूफर दुरुस्तीला टाकला. "बापू, तिले गाणं नाही, रेडकू ऐकू येत होतं." मी वायर जोडली, पडद्याला ब्लेडने चीर दिली, गाणं लावलं. जमनीबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. "अजून जरासा फाड. त्याले सदा सर्दी राहे."