इशारा पोचेपर्यंत

हत्ती जवळ आल्याचा इशारा गावकऱ्यांच्या मोबाइलवर देणारं ॲप मंजुषा बनवत होती. धानकापणीआधी ते सुरू करू, असा शब्द मॅनेजर प्रणित सरांनी तिला न विचारताच वनखात्याला देऊन टाकला होता. “सर, जंगलात नेटवर्क नाई. तारीख कशी सांगू?” “तुले सगळंच कठीण वाटते. चल, दाखव मले.” चाचणीचं ॲप आपापल्या मोबाइलवर घेऊन दोघं अहेरीपलीकडच्या एका गावात दुपारभर फिरले. मोबाइल गप्पच राहिले. “पाह्य, हत्तीच नाई इथी,” सर हसले. परतताना अहेरी जवळ आली, नेटवर्क मिळालं तसे दोघांचे मोबाइल एकदम वाजले. अहेरीच्या वननाक्यावरच्या वनरक्षकानं दुपारीच ॲपवर कळवलं होतं: हत्ती गावतळ्याकडे निघालेत. त्याच तळ्यावर त्यांनी डबा खाल्ला होता. “गावाले अजून माईतच नसन,” मंजुषा म्हणाली. सरांनी गाडी गावाकडे वळवली. “तारीख राहू दे. बिगर नेटवर्कचा इशारा कसा पोचवायचा, ते सांगत चल.”