छपरावरचा घोडा

‘कथा दमदार, चित्रं देखणी, लढाया रटाळ. आणि घोडा वाट्टेल तेव्हा छपरावर चढतो!’ केतकीनं गेमचे गुणदोष कंपनीला धाडून दिले. गेम बाजारात येण्याआधी खेळून त्यातल्या चुका काढायच्या, हे तिचं काम. त्यापायी तिनं बँकेतली नोकरी सोडली, तेव्हापासून बाबांनी अबोला धरला होता. तिच्या पडद्याकडे पाठ करूनच ते पेपर वाचायचे.

आज मात्र घोडा खिंकाळला आणि बाबांची मान वळली. देवळाच्या शिखरावर घोडा चारही पाय वर करून गरगर फिरत होता आणि खाली चिलखत घातलेला सेनापती ऐटीत हवेतच मांड ठोकत होता.

बाबांच्या तोंडातला चहा फुर्रकन पेपरवर उडाला.

“अगं, उतरव त्याला!” ते डोळे पुसत म्हणाले. “नको, थांब, राहू दे! आण तो रिमोट इकडे.”

मग त्यांनी घोडा थेट राजवाड्यावर चढवला आणि राणीच्या गच्चीतून नदीत घातला. हसून हसून बापलेकीची पोटं दुखायला लागली.

तेवढ्यात कंपनीचा मेल आला. ‘तक्रारीबद्दल आभार. घोडा उद्याच दुरुस्त करतो.’

केतकीचं तोंड एवढंसं झालं. बाबांनी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बैठक मारली.

“लिही त्यांना,” ते कडाडले, “त्या रटाळ लढायांचं काय ते बघा म्हणावं. आमच्या घोड्याला हात लावाल तर याद राखा!”