डावी पापणी

ताम काकांनी तांदळाच्या दारूत भिजवलेलं ऊन फडकं मेलेल्या भावजयीच्या डोळ्यांवर ठेवलं, थोडा वेळ थांबले, मग तळहात कपाळापासून हनुवटीपर्यंत हळूच फिरवला. उजवा डोळा मिटलेलाच होता. डावाही मिटला, पण हात बाजूला होताच पापणी पुन्हा वर गेली. पूर्ण नाही, तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली.

"वहिनी, आता जा सुखानं," काका म्हणाले. "मुलगा विन इथं आहे. लेक लियेन शहरातून आलीय. आणखी कुणाची वाट बघताय?"

शवपेटी कालव्याकडच्या ओसरीवर तयार होती. गुरुजींनी काढून दिलेली वेळ जवळ येत होती, आणि उघड्या डोळ्यानं कुणाला पेटीत ठेवत नाहीत.

"अर्धी गेली, अर्धी पहाऱ्यावर बसलीय," भिंतीशी टेकलेली शेजारीण पुटपुटली.

"पहारा कुणावर, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे," दुसरी म्हणाली.

सगळ्यांनी विनच्या बायकोकडे पाहिलं. ह्वे चहाचं तबक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला लहानग्याला घेऊन शहरातल्या कारखान्यात कामाला जायचं होतं. सासू नको म्हणाली होती. मागच्या आठवड्यातलं ते भांडण कालव्याच्या पलीकडे ऐकू गेलं होतं.

"इकडे ये पोरी," काका म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या मनात ज्याच्याबद्दल सल असतो, त्यानंच डोळा मिटवायचा. माफी माग."

"काका, आई झोपेतसुद्धा अशाच असायच्या. मी रोज डोळ्यावर ओला कपडा ठेवायची. त्यांना वारा लागून चेहऱ्याची ती बाजू लुळी पडली होती ना."

"वारा लागलेल्यांचेही डोळे मिटवलेत मी. मरण आलं की वारा निघून जातो."

ह्वे नणंदेकडे वळली. "वन्सं, तुम्ही तरी सांगा ना."

लियेनला खरं ठाऊक होतं. वयानं आईची डावी पापणी उतरली होती. फोटोत एक डोळा मोठा, एक लहान दिसायचा. विनच्या लग्नात मुलाची आई नीट दिसावी म्हणून लियेननंच तिला शहरातल्या एका सौंदर्यगृहात नेलं. तिथली बाई म्हणाली, कातडी जास्त झालीय, काढून टाकू. आणि काढली. पुढे डोळा मिटेना, तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "कातडीचा काही दोष नव्हता. पापणी उचलणारा स्नायू सैल पडला होता, तो आवळायला हवा होता. आता डोळा झाकायला कातडीच पुरत नाही. दुसरीकडची थोडी काढून लावता येईल." आई म्हणाली, "पुरे झालं कापणं. घरी सांग, वारा लागला."

"काका," लियेन म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. लेकीनं आईचं तोंड कापून घेतलं, पूर्वजांनी दिलेलं शरीर त्यांच्याकडे उणं परत चाललंय, हे उद्या प्रत्येक होडीतून गावोगाव जाईल.

"काय गं?"

"काही नाही. तुम्हाला पाणी देऊ का?"

ह्वे गुडघ्यांवर बसली. "आई, चुकलं माझं. मी कुठं जात नाही," ती म्हणाली आणि तिनं सासूच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. डोळा मिटला. मग पापणी सावकाश वर गेली.

शेजारणीनं पदरासारखा आपला चौकडीचा रुमाल तोंडावर धरला. काकांनी वाकून ह्वेच्या कपाळावरची सुतकाची पांढरी पट्टी सोडली.

"जिला वहिनींनी माफ केलं नाही, तिनं त्यांचं सुतक धरायचं नाही. बाहेर हो. पोरगं इथंच राहील."

"अहो," ह्वे नवऱ्याला म्हणाली. विन जमिनीकडे पाहत राहिला. ती उठली आणि अंगणात गेली.

"सगळे जरा बाहेर व्हा," लियेन म्हणाली. "मी आईचं तोंड पुसते."

एकदा डोळा मिटला की विषय संपेल, मग ह्वेला आत बोलावता येईल, असं तिनं ठरवलं. तिच्या पर्समध्ये पारदर्शक चिकटपट्ट्या होत्या. शहरातल्या मुली पापणीला घडी पडावी म्हणून लावतात तशा. तिनं पापणी कोरडी केली, खाली ओढली, आणि एक पट्टी पापणीपासून गालापर्यंत दाबून बसवली. नीट वाकून पाहिल्याशिवाय दिसली नसती.

"काका, मिटला!" तिनं हाक मारली.

माणसं लगबगीनं आत आली. अंगणातून ह्वेही धावत आली आणि तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला. काकांनी अंथरुणाच्या पायथ्याशी उभं राहून पाहिलं, हात जोडले, मग सगळ्यांकडे वळले.

"बघितलंत? ती घराबाहेर गेली, आणि मिटला."

ह्वेनं पाय मागे घेतला. तिनं लियेनकडे पाहिलं. विननं पुढे होऊन दार लोटून घेतलं.

लियेन आईचा चेहरा पुसत राहिली. डाव्या गालाला मात्र ती फडकं लावत नव्हती.